आठ पट जवळ

"यातून किती लांबचं दिसतं?"

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, भीमाशंकरच्या जंगलात, कासच्या पठारावर, कुठेही खिशातून ही तळहातात मावणारी नळी बाहेर काढली की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारा कधी सोबतचा ट्रेकर असतो, कधी कड्याजवळ लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी, कधी शाळेची सहल घेऊन आलेले गुरुजी. प्रश्न रास्त आहे, पण त्याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि पन्नास मीटरवरच्या वडात बसलेला हरियाल पानांच्या रंगात असा मिसळून जातो, की समोर असूनही दिसत नाही. वस्तू केवढी आहे, तिच्यावर उजेड किती आहे, मधली हवा कशी आहे, यावर सगळं ठरतं.

म्हणून प्रश्न थोडा बदलून घेऊ. ऐंशी मीटरवर बसलेला प्राणी मला ओळखता येईल का? आणि त्यासाठी त्याच्या जवळ जावं लागेल का? मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. दोन डोळ्यांची ती बायनॉक्युलर, एका डोळ्याची ती मोनोक्युलर. मी तिला एकनळी म्हणतो, सोबतच्या मुलांना हा शब्द चटकन कळतो. खिशातल्या एकनळीचं वजन साधारण ८० ते १५० ग्रॅम भरतं. पक्षिनिरीक्षक गळ्यात अडकवतात ती ८×४२ची दुर्बीण बहुधा ६०० ते ८०० ग्रॅमची असते. दोन डोळ्यांनी पाहणं अधिक आरामाचं, याबद्दल वाद नाही. तळ्याकाठी तासन् तास बसून बदकं मोजायची असतील, तर मोठी दुर्बीणच न्यावी. पण पाठीवर तीन लिटर पाणी आणि दोन दिवसांचा शिधा घेऊन नाळ चढणारा माणूस ती घरीच ठेवतो, नाहीतर सॅकच्या तळाशी कोंबतो, आणि पक्षी उडून गेल्यावर चेन उघडत बसतो. शर्टाच्या खिशातली नळी तीन सेकंदांत डोळ्याला लागते.

१. डब्यावरचे दोन आकडे

एकनळीच्या अंगावर '८×२५' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा सांगतो की वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल. गणित भागाकाराचं आहे. भीमाशंकरला ८० मीटरवरच्या फांदीवर शेकरू बसलं आहे. ८० भागिले ८, म्हणजे ते १० मीटरवर असल्यासारखं दिसेल, समोरच्या घराच्या गॅलरीत बसल्याएवढं. एवढ्यावरून त्याची तांबूस पाठ, फिकट पोट आणि शेपटीचं उजळ टोक कळतं. मागच्या पायांनी फांदीला लटकून, पुढच्या दोन पंजांत फळ धरून ते कसं खातं, तेही दिसतं. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. तरी देवदर्शन करून परतणाऱ्या अनेकांना डोक्यावर हललेल्या फांदीपलीकडे त्याचं काही दिसत नाही.

दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठतं. भिंगाचंही तसंच आहे. तोंड जितकं रुंद, तितका उजेड जास्त. आणि ही वाढ वर्गाने होते. २५ चा वर्ग ६२५, ४२ चा वर्ग १,७६४. म्हणजे ४२ मिलिमीटरचं भिंग २५ च्या जवळजवळ पावणेतीनपट उजेड गोळा करतं. खिशात मावणारी नळी घेताना आपण सोडून देतो ते हेच. ते कधी जाणवतं आणि कधी जाणवत नाही, हे तिसऱ्या भागात येईल.

२. नळीच्या आत

घरात एखादं साधं भिंग असेल, आजोबांचं पेपर वाचायचं असलं तरी चालेल, तर हा प्रयोग करून पाहा. दुपारी खोलीतले दिवे बंद करा, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा आणि भिंग भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून मागे-पुढे करा. एका जागी भिंतीवर खिडकीचं छोटंसं, स्वच्छ, रंगीत चित्र उमटेल. बाहेरचं झाडही त्यात असेल, आणि सगळं उलटं असेल.

एकनळीचं पुढचं भिंग हेच करतं. समोरच्या डोंगराचं छोटं उलटं चित्र ते नळीच्या आत तयार करतं. डोळ्याजवळचं भिंग ते चित्र मोठं करून दाखवतं, बारीक अक्षरांवर धरलेल्या भिंगासारखं. दुर्बिणीचं मूळ तत्त्व एवढंच आहे.

नेदरलँड्समधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे याने १६०८ साली दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतःची दुर्बीण बनवून आकाशाकडे रोखली. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचं भिंग अंतर्वक्र होतं. चित्र सुलटं दिसायचं, पण किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं अरुंद. १६११ साली केप्लरने दोन्ही भिंगं बहिर्वक्र घ्यायची कल्पना मांडली. त्याने दृश्य रुंद झालं, पण उलटं. ग्रह पाहणाऱ्याला त्याची अडचण नसते. झाडावरचं माकड खाली डोकं वर पाय दिसलं, तर मात्र पंचाईत.

यावरचा सुटसुटीत उपाय सापडायला बराच काळ गेला. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ साली लोलकांची, म्हणजे काचेच्या कोनदार ठोकळ्यांची, रचना पेटंट केली. प्रकाश या ठोकळ्यांच्या आतल्या बाजूंवर आपटत वळणं घेत जातो, आणि जाता जाता चित्र सुलटं होतं. शिवाय वाट नळीच्या आतच दुमडल्यामुळे नळी आखूड होते. नऊवारी साडी घडी घालून पिशवीत बसते, तसं. पुढे छपराच्या कोनासारखी एक बाजू असलेले लोलक आले. त्यांतून प्रकाश जवळजवळ सरळ रेषेत बाहेर पडतो. आपली खिशातली नळी इतकी सडपातळ आहे ती या छपरी लोलकामुळे.

३. उजेडाचा ठिपका

सूर्याकडे पाठ करून नळी हातभर लांब धरा आणि तिचं तोंड मोकळ्या आकाशाकडे करा. डोळ्याजवळच्या भिंगात एक लहान, गोल, उजळ ठिपका दिसेल. नळीतून बाहेर पडणारा सगळा प्रकाश या ठिपक्यातूनच येतो. त्याची रुंदी काढायला दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. २५ भागिले ८, म्हणजे ३.१ मिलिमीटर.

आता आपल्या डोळ्याकडे वळू. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते. ३.१ मिलिमीटरचा झोत तिला पुरून उरतो, म्हणून दुपारी छोट्या नळीत आणि मोठ्या दुर्बिणीत उजेडाचा फरक जवळपास जाणवत नाही. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते, साठीच्या माणसाची साधारण पाचपर्यंत. कातरवेळी ती पाच झाली आहे असं धरू. दार पाच मिलिमीटर उघडलं आहे आणि आत येणारा झोत ३.१ चाच आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आत येऊ शकणाऱ्या उजेडाच्या चाळीस टक्क्यांहूनही थोडा कमी उजेड आत येतो. ८×४२च्या दुर्बिणीचा ठिपका ५.२५ मिलिमीटरचा. तिथे ही तूट पडत नाही.

राधानगरीला दिवस मावळताना गवे गवताळ मोकळ्या जागेत उतरतात. त्या वेळी २५ मिलिमीटरच्या नळीत गवा मोठा दिसतो, पण काळसर धुक्यात उभा असल्यासारखा. नळी बिघडलेली नसते, तिची मर्यादाच ती आहे. सकाळी ऊन झाडांच्या शेंड्यांवर आल्यापासून संध्याकाळी ते शेंड्यांवरून निघून जाईपर्यंत छोट्या नळीचा दिवस असतो.

४. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं?

माझी पहिली एकनळी मी आकडा बघून घेतली होती. डब्यावर पटीचा आकडा मोठा होता आणि शेजारी अंधारात चमकणाऱ्या लांडग्याचं चित्र. पहिल्याच ट्रेकला कड्यावरून खालच्या रानात पाहिलं तर हिरवा लगदा थरथरताना दिसला. माझ्या हाताला काहीतरी झालं आहे असंच मला वाटलं होतं. तो पैसा फुकट गेला, पण त्याने मला या विषयाचा अभ्यास करायला लावलं.

नळी फक्त पक्षी मोठा करत नाही. हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी करते. चढ चढून आलेल्या माणसाची छाती धपापत असते, नाडी उडत असते, बोटांत कंप असतो. आठ पटीला तो कंप आठ पट होतो आणि सवयीने आवरता येतो. बारा पटीला पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचं वर्तुळ पाहायचं म्हटलं तर ते एका जागी थांबतच नाही. हातात धरून पाहायचं असेल, तर आठ पट हा माझ्या अनुभवातला सर्वांत कामाचा आकडा आहे. सहाही चांगला. दहा पट ज्यांचे हात स्थिर आहेत त्यांनी घ्यावी. त्यापुढे तिवई लागते, आणि तिवई नेणाऱ्या माणसाला खिशातल्या नळीची गरज नसते.

दुसरी किंमत मोजावी लागते ती आवाक्याची. पट वाढली की नळीत एका वेळी मावणारा देखावा आकसतो. आठ पटीच्या एखाद्या नळीवर '११० मी / १००० मी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, एक किलोमीटरवर डावीकडून उजवीकडे ११० मीटर रुंदीचा भाग दिसेल. अंतर कमी तसा भागही कमी. ५० मीटरवर साडेपाच मीटर, २० मीटरवर जेमतेम सव्वादोन. म्हणजे वाटेशेजारच्या आंब्यात पाहताना झाडाचा एक लहानसा कोपराच नळीत येतो. बारा पटीच्या नळीत हा आवाका आणखी लहान होतो, आणि फांदीफांदीवर उड्या मारणारा स्वर्गीय नर्तक सापडेपर्यंत निघून गेलेला असतो.

या आवाक्याचा ट्रेकमध्ये एक छान उपयोग होतो. समजा, खिंडीत माणसं उभी दिसत आहेत आणि आपल्या मागे पडलेल्या गटाला तिथवर पोचायला किती वेळ लागेल ते ठरवायचं आहे. नळीतून पाहिलं तर उभा माणूस वर्तुळाच्या उंचीचा साधारण दहावा भाग व्यापतो. माणसाची उंची १.६५ मीटर धरली तर तिथे वर्तुळ साडेसोळा मीटरचं झालं. ११० मीटर दिसायला १,००० मीटर अंतर लागतं, तर साडेसोळा दिसायला १५० मीटर. माणसं दीडशे मीटरवर आहेत. हा अंदाज दहा-वीस मीटरने चुकेल, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा नक्कीच बरा.

मोठमोठे आकडे छापलेल्या नळ्यांचं काय? तिसऱ्या भागातला ठिपका इथे कामाला येतो. '४०×६०' छापलं असेल, तर ठिपका ६० भागिले ४०, म्हणजे दीड मिलिमीटरचा असायला हवा. दुकानात पट्टी घेऊन जा, पुढच्या भिंगाची उघडी काच मोजा आणि ठिपका मोजा. काच ४० मिलिमीटरची आणि ठिपका चारचा भरला, तर ती नळी दहा पटीची आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. शेजारी 'नाईट व्हिजन' असं लिहिलेलं असेल आणि नळीत बॅटरीच नसेल, तर अंधारात पाहण्याची कोणतीही वेगळी सोय त्यात नाही.

५. पक्षी नळीत का सापडत नाही

नवख्या माणसाची हीच सगळ्यात मोठी तक्रार असते. डोळ्यांनी पक्षी दिसतो, नळी लावली की फक्त पानं. कारण तो काय करतो? पक्षी पाहतो, मग खाली नळीकडे पाहतो, ती डोळ्याला लावतो आणि नळीतून पक्षी शोधू लागतो. सव्वादोन मीटरच्या खिडकीतून अख्खं झाड धुंडाळणं हे विहिरीत पडलेली अंगठी चिमट्याने शोधण्यासारखं आहे.

त्याऐवजी नजर पक्ष्यावरच रोखून ठेवायची. मान हलवायची नाही, डोळा हलवायचा नाही. हात वर येतो आणि नळी डोळा आणि पक्षी यांच्या मधे आणून ठेवतो. आपण नजर आधीच लावलेली असते, नळी फक्त तिच्या वाटेत येऊन बसते. घरी गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, विजेच्या खांबावरची चिमणी, दोरीवरचा चिमटा अशा गोष्टींवर दोन-तीन दिवस दहा-दहा मिनिटं सराव केला, तर हे अंगवळणी पडतं. गाणं शिकणारा रोज षड्ज लावतो. हा आपला षड्ज.

कोणता डोळा वापरायचा, तेही एकदा तपासून घ्यावं. दोन्ही हात समोर ताणून अंगठे आणि तर्जनी जोडून छोटा त्रिकोण करा, त्यातून दूरचा एक दिवा पाहा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा त्रिकोणातच दिसत राहतो, तो तुमचा लक्ष्य धरणारा डोळा. नळी त्याला लावायची. दुसरा डोळा घट्ट मिटू नये. चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि दोन मिनिटांत थकवा येतो. तो उघडाच ठेवावा. सुरुवातीला दोन चित्रं एकमेकांवर चढल्यासारखी वाटतात, पण आठवडाभरात मेंदू नको ते चित्र आपोआप बाजूला सारतो. आणखी एक फायदा असा, की उघड्या डोळ्याला बाजूने येणारा दुसरा पक्षीही कळतो.

फोकस आधीच लावून ठेवावा. दाट रानातल्या वाटेने चालताना नळी वीस मीटरवर फोकस करून खिशात ठेवतात. कड्यावर पोचलं की ती दूरवर लावून ठेवतात. मग ऐनवेळी फिरवायला थोडंसंच उरतं.

सोबत्याला पक्षी दाखवायचा असेल तर "तो बघ, तिकडे, हिरव्या फांदीवर" याने काहीच कळत नाही. सगळ्याच फांद्या हिरव्या. झाडाला घड्याळाची तबकडी समजा आणि सांगा, "वाळक्या खोडाच्या उजवीकडचं झाड, दोनच्या जागी, आतल्या बाजूला."

एकदा पक्षी नळीत आला की पुस्तक उघडण्याआधी ठरावीक गोष्टी टिपून घ्याव्यात. चोच, डोळ्याभोवतीचा भाग, पंखावरचे पट्टे, शेपटीची लांबी. बहुतेक वेळा यातली एखादीच खूण निकाल लावते. आंबोलीच्या परिसरात राखाडी रंगाचा धनेश दिसला तर तो साधा राखी धनेश की मलबार राखी धनेश? साठ मीटरवरून नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. नळीतून चोचीच्या वरची बाजू पाहायची. राखी धनेशाच्या चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो, मलबार राखी धनेशाच्या नसतो. मी पहिल्यांदा हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळलं तेव्हा एका फांदीखाली वीस मिनिटं मान वर करून उभा होतो, आणि दुसऱ्या दिवशी मान दुखली त्याचं काही वाटलं नाही.

इथे एक कडक सूचना. घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याचा नळीतून पाठलाग करताना तो सूर्याजवळ जाऊ लागला की नळी ताबडतोब खाली. भिंग कागद जाळतं ते सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं असतं. इथे कागदाच्या जागी डोळ्याचा पडदा असतो आणि जळताना तो दुखत नाही. मुलांच्या हाती नळी देण्याआधी हे सांगितलंच पाहिजे.

६. हात स्थिर

चढून आल्या आल्या पाहू नका. दोन मिनिटं बसा, पाणी प्या, श्वास खाली बसू द्या. बसूनच पाहायचं असेल तर गुडघे वर घेऊन कोपरं गुडघ्यांवर टेकवा. उभ्याने पाहायचं असेल तर कोपरं छातीला लावा आणि मोकळ्या हाताने नळी धरलेलं मनगट पकडा. झाडाचं खोड, दगड, गडाची तटबंदी, हातातली काठी, जे मिळेल त्याचा आधार घ्या. टोपीचा पुढचा भाग नळीबरोबरच बोटांत दाबून धरला तर कपाळाचा तिसरा आधार मिळतो. ही युक्ती साधी आहे, पण फरक लगेच कळतो.

७. दुकानात उभं असताना

उघड्या काचेवर प्रकाश पडला की सुमारे चार टक्के परत फिरतो. नळीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा पृष्ठभाग असतील, तर दर वेळी चार टक्के गळून शेवटी साधारण ६६ टक्के उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. तिसरा हिस्सा वाटेतच गेला, शिवाय परत फिरलेला प्रकाश नळीत भटकून चित्र पांढुरकं करतो. काचेवर अतिशय पातळ थर देऊन ही गळती रोखण्याची पद्धत जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधली. आजच्या चांगल्या थरांमुळे प्रत्येक पृष्ठभागावर अर्धा टक्काच जातो असं धरलं, तर दहा पृष्ठभागांनंतरही ९५ टक्के उजेड पोचतो. म्हणून पटीच्या आकड्यापेक्षा सगळ्या काचांवर बहुपदरी कोटिंग आहे का, हे आधी विचारावं. पांढऱ्या दिव्याचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहा. ते मंद हिरवट किंवा जांभळट दिसलं तर थर आहे. पांढरं लख्ख दिसलं तर नाही.

चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यापासूनचं अंतर विचारावं. चष्मा लावूनही पूर्ण वर्तुळ दिसायला साधारण १५ मिलिमीटर तरी लागतात, आणि डोळ्याकडची रबरी कडा खाली वळवता आली पाहिजे. ज्यांना फक्त जवळचं किंवा लांबचं अंधुक दिसतं, ते चष्मा काढूनही पाहू शकतात, फोकसचं कडं तेवढं सांभाळून घेतं. फुलपाखरांची आवड असेल तर नळी किती जवळचं स्पष्ट दाखवते तेही पाहावं. दोन मीटरवरचं दाखवणारी नळी मिळाली तर घ्यावी.

८. पाऊस, घाम आणि बुरशी

सह्याद्रीत चार महिने पाऊस असतो. बऱ्याच नळ्यांत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरून त्या सीलबंद करतात, त्यामुळे आत वाफ धरत नाही. बाहेरून मात्र धरतेच. धापा टाकत नळी डोळ्याला घट्ट दाबली की चेहऱ्याच्या वाफेने काच पांढरी होते. तिथे पुसापुशी न करता नळी केसभर लांब धरून पाहावं. काचेवर धूळ असेल तर आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग स्वच्छ जुनी मलमल. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीतले कण कोटिंगवर कायमचे ओरखडे काढतात.

घरी आल्यावर नळी कोंदट कपाटात ठेवू नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगांवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि ती काचेला खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात नळी ठेवावी. आणि कड्यावर नळीची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय ती खिशातून काढू नये. खाली जाणाऱ्या वाटेवर माणसं असतात.

९. उलटी धरा

कासच्या पठारावर, जे २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, सप्टेंबरात लोक लांबवरच्या फुलांच्या गालिच्याचे फोटो काढतात. मला तिथे नळी उलटी धरायला आवडते. रुंद भिंग डोळ्याला लावायचं आणि डोळ्याकडचं बारीक टोक फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणायचं. अंतर थोडं कमी-जास्त केलं की नळी एक जोरदार भिंग होते. सीतेची आसवं नावाचं जांभळं फूल दिसायला नाजूक. पण त्या वनस्पतीच्या जमिनीखालच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात. शेजारच्या दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब उलट्या नळीतून काचेच्या मण्यांसारखे दिसतात, आणि एखाद्या थेंबात अडकलेलं चिलटही दिसतं. यासाठी वाटेच्या कडेला बसूनच पाहावं, फुलांत पाय टाकायची गरज पडत नाही.

१०. कड्यावरचे पांढरे ओघळ

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जवळ जावं लागेल का, याकडे.

लांब चोचीचं गिधाड सह्याद्रीच्या उभ्या कड्यांच्या कपारींत घरटं करतं. १९९० च्या दशकापासून भारतातली ही गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक कमी झाली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या जिवावर उठलं. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली. पण गिधाडाची मादी हंगामात एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतील. प्रत्येक घरटं मोलाचं आहे. कड्याच्या माथ्यावर माणसं ओणवून पाहू लागली, ड्रोन घोंघावत आला, की बसलेला पक्षी उडतो आणि अंडं किंवा पिल्लू उन्हात उघडं पडतं.

म्हणून घरटं समोरच्या सोंडेवरून पाहावं. आधी नुसत्या डोळ्यांनी कडा न्याहाळायचा आणि काळ्या बसाल्टवर चुन्यासारखे पांढरे ओघळ शोधायचे. विष्ठेचे हे ओघळ वर्षानुवर्षं तिथे बसणाऱ्या मोठ्या पक्ष्यांचे असतात. कधी ते शाहीन ससाण्याचेही निघतात. ओघळ जिथे सुरू होतो त्या कपारीवर नजर रोखायची आणि मग नळी वर आणायची.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघं अशाच एका कड्यासमोर बसलो होतो. जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अंतर सुमारे ३०० मीटर, म्हणजे नळीतून सदतीस-अडतीस मीटर. आमच्याबरोबर जवळच्या वाडीतले एक काका वाटाडे म्हणून आले होते. त्यांनी नुसत्या डोळ्यांनीच सांगितलं, "मधल्या भेगेत हाये बघा, उन्हाकडं पाठ करून." मी नळी लावली तेव्हा करड्या पाठीचं मोठं गिधाड दिसलं आणि त्याच्या पायांशी पांढरट पिसांचा एक गोळा. गोळ्याने मान वर केली. मी नळी काकांच्या हाती दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहानपणी मेलेलं ढोर टाकलं की पन्नास-पन्नास उतरायची. पिल्लू आजच बघतोय."

नळी आळीपाळीने फिरत राहिली. ऊन वर चढलं तसं मोठ्या गिधाडाने एक पंख अर्धा उघडून पिल्लावर सावली धरली, आणि दुसऱ्या पंखाची पिसं चोचीने एकेक करून साफ करत राहिलं. आम्ही पाऊण तास तिथे होतो. तेवढ्या वेळात त्याने एकदाही आमच्याकडे मान वळवली नाही.